सौंसरची मैत्रीण

संपादकांनी ‘मैत्री’वर लिहा म्हटलं, तेव्हा हॉस्टेलच्या गमतीजमती लिहायच्या ठरवल्या होत्या. दोन परिच्छेद लिहूनही झाले. मग ते पुसले, कारण मैत्री म्हटल्यावर मला एकच जण आठवते आणि ती हॉस्टेलमध्ये कधी आलीच नाही.

आम्ही दोघी सौंसरच्या. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात आहेत, पण पोळा, महालक्ष्म्या, बोलणं सगळं नागपूरकडचं. घरी मराठी, शाळेत हिंदी. गणितात ती माझ्या पुढे. तरी मी बी.ई.ला नागपूरला गेले आणि ती बी.एस्सी., बी.एड. करून पांढुर्ण्याला सासरी गेली. कारण तुम्हाला माहीत असेलच, ते प्रत्येक घरात सारखंच असतं. पांढुर्ण्यात ती एका खासगी शाळेत गणित शिकवायची. घरची संत्र्याची बाग होती. दर हिवाळ्यात कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर माझ्यासाठी पुण्याला एक पेटी यायची.

२०२२ सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड झेंड्यासह रोवतात आणि पांढुर्णा व सावरगावची माणसं दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. फोनमध्ये तो गलका ऐकू येत होता. माझं ऑफिसचं रिलीज होतं, एक कान त्या मीटिंगमध्ये.

“मले एक गाठ लागते वं,” ती म्हणाली.

“कुठे?”

“अवं, इथंच. वरती.”

तिचं धाकटं मूल दीड वर्षाचं, अजून अंगावर पीत होतं. मी म्हणाले, “दुधाची असन. भेऊ नको.” आणि मीटिंगमध्ये परत गेले. हे वाक्य मी कितीदा परत वाजवून ऐकलं असेल, त्याचा हिशेब नाही. मी डॉक्टर नव्हते, हे खरं. पण ‘दाखवून ये’ एवढं म्हणायला डॉक्टर असावं लागत नाही.

पुढे ती एका दवाखान्यात गेली होती, हे मला नंतर कळलं. नवरा शेजारी उभा, कंपाउंडर समोर. ती हिंदीत म्हणाली, “सीने में भारी लगता है.” छाती म्हटल्यावर ईसीजी झाला, तो चांगला आला. ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. त्या तिने नेमाने घेतल्या.

मला यात दवाखान्यापेक्षा तो शब्द जास्त खुपतो. घरच्या मराठीत आम्ही ‘वरती’ म्हणायचो, शाळेच्या हिंदीत ‘सीना’. ‘स्तन’ हा पुस्तकातला शब्द, तो तोंडातून निघायचाच नाही. बीजगणित फळ्यावर सोडवणारी बाई स्वतःच्या अवयवाचं नाव दोन्ही भाषांत सांगू शकली नाही. त्यात साडेचार महिने गेले.

जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीनंतर, नागपूरला सोनोग्राफी आणि बायोप्सी झाली. (चाळिशीच्या आत स्तनाची ऊती घट्ट असते, मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून सोनोग्राफी आधी.) ती तेव्हा ३४ वर्षांची. रिपोर्टात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहिलं होतं. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आहेत का, हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे तपासतात. तिन्ही नसतील, तर हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरची औषधं लागू पडत नाहीत. सासरी आधी सगळ्यांना आनंदच झाला, निगेटिव्ह म्हणजे चांगलं असं वाटून. तिने मला फोनवर सांगितलं, “दोन निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होते. तीनचं नाही होत.”

दर एकवीस दिवसांनी पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूर. तिने चौकटीची वही केली होती: तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, खर्च. पानाचा फोटो मला यायचा, मी तो एक्सेलमध्ये भरायचे. आमची बोलण्याची हीच पद्धत झाली. पेशी वाढल्या की ती अंगठ्याचं चित्र पाठवायची. डोक्याला ओढणी बांधून मधल्या दिवसांत शाळेत जायची. मुलं विचारत, ती ‘थंडी’ म्हणायची, मे महिन्यात. ऑपरेशन झालं. ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा तिची कुरकुर होती की आता सगळ्या कागदांवरचा जिल्हा बदलावा लागेल. डिसेंबरात फुप्फुसात डाग दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृग बहाराची संत्री उतरत असताना, ती गेली. एक्सेलमध्ये शेवटच्या ओळीत खर्चाचा रकाना मोकळा आहे.

त्यानंतर मी बरंच वाचलं, रात्री-बेरात्री, एखादा बग शोधावा तसं. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि ९८ हजारांवर गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. मशीन नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे साडेचार महिने वाचले असते, तर ती वाचली असती, असं मी म्हणू शकत नाही. मला ते म्हणायला आवडलं असतं. की नसतंच आवडलं, कोण जाणे.

गेल्या पोळ्याला तिच्या सासूबाईंचा फोन आला. साठीच्या पुढच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, “पोरी, माह्या डाव्या थानात गाठ लागते. कोणाले दाखवू?”

थान. गाईचं असो की बाईचं, आमच्या आज्या हाच शब्द वापरायच्या. आम्ही शिकलो आणि तो गावंढळ म्हणून सोडला.

मी सुट्टी टाकली, नागपूरला त्यांच्याबरोबर गेले. नोंदणीच्या खिडकीवर माणसाने विचारलं, काय त्रास आहे. मागे मोठी रांग होती. त्यांनी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. रांगेतल्या दोघीतिघींनी खाली पाहिलं. आमच्या मागची एक बाई मात्र पुढे सरकून मला हळूच म्हणाली, “ताई, मले बी तेच हाये. कागदावर काय लिहू?”

सासूबाईंची गाठ साधी निघाली. त्या बाईचं काय झालं, ते कळलं नाही; तिचा अर्ज मीच भरून दिला होता.