जुनी मोका घेताना आधी व्हॉल्व्ह बघा

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणून गेलो की माझ्याकडे अकरा मोका आहेत. त्यावर मेसेज आले: अकरा कशाला? आणि मुळात मोका म्हणजे काय?

तर मोका म्हणजे गॅसवर ठेवायची इटालियन कॉफीची किटली. अ‍ॅल्युमिनियमची, अष्टकोनी. इटलीच्या पिएमोन्ते भागात आल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये ती आणली. खाली पाणी, मधे गाळणीत कॉफी, वर रिकामं भांडं. गॅस लावला की खालची हवा आणि वाफ पाण्याला दाबते. पाण्याला वाट एकच, नळीतून वर, कॉफीच्या थरातून. बस्स.

प्रोजेक्टसाठी मी तोरिनोला होतो. तिथे दर शनिवारी बालोन नावाचा जुना बाजार भरतो. तिथून आठ युरोला एक मोका उचलली, कुठलाच छाप नसलेली. घरी येऊन घासूनपुसून चकचकीत केली, कॉफी बारीक दळून चमच्याने दाबदाबून भरली (हा गाढवपणा) आणि गॅसवर ठेवली. पाच मिनिटं झाली, आठ झाली, कॉफी येईना. आवाजही नाही. घरी कुकरची शिट्टी होत नाही तेव्हा आई जशी गॅसकडे धावते, तसा मी धावलो. गॅस बंद केला आणि पार गार होईपर्यंत हात लावला नाही. मग उघडून बघितलं, तर सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी दगडासारखा बसलेला. दाबाला जायला दुसरी जागाच नव्हती!

तेव्हापासून विकणारा झाकण उघडून दाखवतो, मी आधी भांडं उलटं करतो. खालच्या भागाच्या बाजूला जे छोटं पितळी बोंड असतं, तो व्हॉल्व्ह. बियालेत्तीच्या व्हॉल्व्हमधली पिन बोटाने मागेपुढे हलायला हवी. हलली नाही तर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून बघायची. तरी नाहीच, तर ती मोका फक्त शोभेची. आत अ‍ॅल्युमिनियमला खोल काळे खड्डे पडलेले असतील तरी तेच. रबरी रिंग मात्र नवीन मिळते, ती कडक झालीय म्हणून चांगली मोका सोडू नका.

वय ओळखायची एक सोपी खूण आहे. बोट वर केलेला मिशीवाला माणूस 1950च्या दशकात आला. तो छापलेला असेल आणि विकणारा ‘युद्धाच्या आधीची आहे’ म्हणाला, तर हसून पुढे चालायचं. मोका घराघरांत नेली ती आल्फोन्सोंच्या मुलाने, रेनातोने. 2016 मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या मोकाच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या. खरंच!

वापरताना पाणी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा, कॉफी दाबू नका. आपल्या शेगडीवर छोटी मोका कलंडते, म्हणून खाली जाळी घ्या.

ती पहिली आठ युरोवाली पुण्यात फळीवर आहे. आत चिठ्ठी टाकलीय: ‘आई, ही गॅसवर नको.’