रिकामी बाटली जाते कुठे?

स्वयंपाकाचा गॅस संपला की काय करायचे, हे आपल्या मॉरिशसमधल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रिकामा सिलिंडर दुकानात द्यायचा, भरलेला घरी आणायचा. तो आधी कुणाच्या घरी होता आणि पुढे कुणाकडे जाणार, याचा कोणी विचारही करीत नाही. म्हणूनच अमेरिकेत पुतण्याकडे गेलो असता जे पाहिले, त्याचे मला नवल वाटले.

पुतण्या राहतो नोव्हाय या गावी. मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या वायव्येस वसलेले हे सुमारे ६६ हजार वस्तीचे शहर. मोटारींच्या धंद्यामुळे भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे स्थिरावली आहेत आणि त्यांत आपली मराठी माणसेही आहेत. तेथला उन्हाळा लहान. त्यामुळे सुटी आली की सारे जण केन्सिंग्टन किंवा आयलंड लेकच्या वनोद्यानाकडे धाव घेतात. आपण फ्लिक-आँ-फ्लाकला फिलावच्या सावलीत पातेले मांडतो, तसे ते तळ्याकाठी शेगडी मांडतात.

त्या दिवशी पोहे झाले, दोनदा चहा झाला. शेगडीला प्रोपेनची छोटी बाटली लावलेली होती. तिच्यात गॅस असतो ४६५ ग्रॅम. निघताना सूनबाईंनी सोड्याचे रिकामे डबे मोजून एका पिशवीत भरले. गॅसच्या दोन रिकाम्या बाटल्या मात्र वेगळ्या ठेवल्या.

"काका, डब्याला दहा सेंट परत मिळतात. या बाटल्या कोणी परत घेत नाही," त्या म्हणाल्या.

गोष्ट खरी होती. मिशिगनच्या जनतेने १९७६ साली मतदान करून बाटल्या व डब्यांवर ठेव आकारण्याचा कायदा आणला. १९७८ पासून तो अंमलात आहे. पातळ पत्र्याच्या डब्याला मोल आहे आणि जाड पोलादाच्या बाटलीला नाही, असा हा उलटा न्याय! अशी बाटली विकत घेताना आपण गॅसपेक्षा पोलादाचेच पैसे अधिक मोजतो आणि दोन-तीन स्वयंपाकांनंतर ते फेकून देतो.

बरे, फेकायची तरी कुठे? बाटली रिकामी दिसली तरी थोडा गॅस आत राहतोच. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर भडका उडून कामगाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ती घरच्या कचऱ्यात टाकू नये, तर धोकादायक वस्तू स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावी. पण तेवढी तसदी सगळेच घेतात असे नाही. काही जण घरीच ती पुन्हा भरतात. तिची झडप वारंवार भरण्यासाठी केलेली नसते. ती गळू लागली तर कळतही नाही. अशी पुन्हा भरलेली बाटली वाहून नेण्यास अमेरिकेच्या कायद्याने बंदी आहे. पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, असा इशारा बाटलीवरच छापलेला असतो.

यावर उपाय आहे. तेवढ्याच आकाराची, पण पुन्हा भरता येणारी बाटली आता मिळते. तिचे पोलाद जाड असते आणि झडप वेगळी असते. भरताना गॅस योग्य पातळीला आला की एका छोट्या छिद्रातून तशी खूण मिळते. बाटली ८० टक्केच भरायची, कारण उष्णतेने गॅस फुगतो व त्याला जागा लागते. पहिल्याने किंमत जास्त पडते, पण वर्षानुवर्षे तीच वापरता येते. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ साली कायदाच केला आहे. १ जानेवारी २०२८ पासून तेथे एकदाच वापरायची ही छोटी बाटली विकता येणार नाही.

पुतण्याने सोपी वाट धरली. अंगणातल्या मोठ्या शेगडीचा नऊ किलोंचा सिलिंडर त्याच्याकडे होताच. योग्य ती नळी आणताच सहलीची शेगडीही त्यावर चालू लागली. सुमारे वीस छोट्या बाटल्यांचे काम एक सिलिंडर करतो आणि रिकामा झाला की दुकानात बदलून मिळतो.

तेथे मुलांकडे जाणाऱ्या मंडळींनी चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. सिलिंडर उभाच ठेवावा. जोड साबणाच्या पाण्याने तपासावा. बुडबुडे आले की गॅस बंद करावा. प्रोपेन हवेहून जड असल्याने खोलगट जागी साचतो, म्हणून सिलिंडर तळघरात ठेवू नये. आणि थंडी कितीही असो, तंबूत शेगडी पेटवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

परत आल्यावर आपला जुना, रंग उडालेला सिलिंडर पाहिला आणि त्याच्याविषयी आदर वाटला. आपले बेट केवढेसे! कचरा पुरायला १९९७ पासून एक मार-शिकोझ, आणि तेही भरत आले. सहलीसाठी एकदा वापरून फेकायचा गॅसचा डबा घेण्याचा मोह होईल तेव्हा एवढेच विचारावे: हा रिकामा झाल्यावर जाणार कुठे?