चित्रांनाही तिथी हवी

मराठवाड्यात जिल्ह्याच्या गावी भरणाऱ्या चित्रप्रदर्शनाचा एक साचा ठरून गेला आहे. एखाद्या महाविद्यालयाचे सभागृह दोन दिवसांसाठी मिळवायचे, मंडपवाल्याकडून कनाती आणायच्या, त्यांवर सुतळीने चित्रे बांधायची आणि पाहुण्यांची वाट पाहत बसायचे. पाहुणे दीड तास उशिरा येतात. फीत, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि आभार हा क्रम यथासांग पार पडतो. चित्रांसमोरून मात्र सारी मंडळी पाच मिनिटांत पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. त्यात पाहुणे असतात, चित्र नसते. तिसऱ्या दिवशी सकाळी चित्रकार आपली चित्रे टेम्पोत घालून घरी नेतो आणि पलंगाखाली ठेवून देतो.

यात कोणाचा दुष्टावा नाही. नांदेड-लातूरचा माणूस कलेला पारखा आहे, असेही म्हणता येणार नाही. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे व उंट यांच्या बाजाराशेजारीच तमाशाचे फड उतरतात, आणि नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने तेथे लावणी महोत्सव व लोककलांचे कार्यक्रम होतात. दिवसभर जनावराच्या भावासाठी घासाघीस करणारा शेतकरी रात्री फडापुढे बसतो आणि कोणती गायिका कोठे कमी पडली हे बिनचूक सांगतो. नांदेडात दिवाळीच्या दिवसांत गोदावरीच्या बंदाघाटावर पहाटेचे गाणे असते. थंडीत घाटाच्या पायऱ्या भरून जातात आणि स्थानिक गायक-वादकांनाही त्यात मानाची जागा मिळते. पंडित नाथ नेरळकरांसारखा गायक याच गावात १९३५ मध्ये जन्मला व येथेच अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकला, हा योगायोग खचितच नव्हे. नाटकाचेही तसेच. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. ती जवळ आली की गावोगावच्या हौशी मंडळींच्या तालमी रात्री उशिरापर्यंत रंगतात. दत्ता भगत यांच्यासारखा नाटककार नांदेडात राहून लिहितो आणि त्यांचे 'वाटा-पळवाटा' भाषांतरांतून महाराष्ट्राबाहेर पोहोचते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाला तिथी आहे. यात्रा पंचांगाने ठरते, पहाटेचे गाणे दिवाळीने ठरते, नाटक स्पर्धेच्या वेळापत्रकाने ठरते. प्रेक्षकाला आधी ठाऊक असते, कलावंतालाही ठाऊक असते, आणि वर्षभराची तयारी त्या दिवसाच्या रोखाने चालते. चित्रकाराच्या वाट्याला असा दिवस येत नाही. सभागृह रिकामे सापडेल तेव्हा आणि पाहुण्यांना सवड असेल तेव्हा त्याचे प्रदर्शन भरते. पुढचे कधी, हे त्यालाही सांगता येत नाही.

ज्या प्रदेशाच्या उशाशी अजिंठा आहे, त्या प्रदेशात ही अवस्था असावी याचे नवल वाटते. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुराणवस्तू खाते स्थापन केले. गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावरील ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केले आणि सय्यद अहमद यांच्यासारखे चित्रकार वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करीत राहिले. नांदेड आणि त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे याच संस्थानाचे भाग होते. निजामी राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण चित्र हे सरकारी अंदाजपत्रकात बसणारे काम आहे, एवढे त्या राजवटीला मान्य होते. पुढे महाराष्ट्रात कला संचालनालय १९६५ मध्ये आले. शासकीय चित्रकला महाविद्यालये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. ती शिकवतात, शिकून गावी परतलेल्याने आपले काम कोठे दाखवावे, हे पाहणे कोणाचेच काम नाही.

गावी परतलेला हा चित्रकार असतो तरी कोण? बहुधा तो शाळेतला चित्रकला शिक्षक असतो, नाही तर बाजारातला पेंटर. या पेंटरला कलावंतांच्या यादीत कोणी धरले नाही, पण तालुक्याच्या गावाची नजर घडवली ती त्यानेच. दुकानांच्या पाट्या, गणेशोत्सवाचे देखावे, नाटकाचे पडदे, फोटो स्टुडिओतील महाल व तळी, सभेसाठी रंगवलेली पुढाऱ्याची भव्य तसबीर हे सारे त्याच्या हातचे. लातूरच्या गंजगोलाईसारख्या बाजारात अक्षरांचे वळण पाहून हा हात कोणाचा, हे जाणकार सांगत. फ्लेक्सचे फलक आले आणि दहा-पंधरा वर्षांत हा धंदा बुडाला. कोणी रिक्षा घेतली, कोणी फ्लेक्सच्याच दुकानात संगणकापुढे बसला. त्याच्या कामाचे एकही प्रदर्शन भरले नाही, आणि आता भरवायचे म्हटले तरी पाट्या भंगारात गेल्या आहेत.

शिक्षकाची स्थिती याहून फार बरी नाही. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ मध्ये, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला. पूर्ण वेळ नव्हे, अंशकालीन! इंटरमिजिएट परीक्षेला मुलांची गर्दी होते, कारण तिच्या श्रेणीनुसार दहावीला सात, पाच वा तीन वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. मग अकरावीला राज्यभरातून मुले लातुरात उतरतात, ती डॉक्टर होण्यासाठी. लातूर पॅटर्नच्या दिनक्रमात चित्राला तास नसतो. या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी मूळ चित्र, म्हणजे ज्यावर रंगाचा थर दिसतो आणि कुंचल्याची ओढ दिसते असे चित्र, आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते. जे पाहिलेच नाही त्याची ओढ लागावी कशी?

मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे आणि तेथील जागेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. रात्रीच्या गाडीने, चौकटी चादरीत गुंडाळून, मराठवाड्याचा चित्रकार तेथवर जातो. परंतु त्याच्या गावच्या लोकांना त्याचा उपयोग काय? मोठ्या शहराखेरीज चित्रे नांदत नाहीत, ही समजूत औंधने केव्हाच खोटी ठरवली आहे. सातारा जिल्ह्यातील त्या लहानशा गावी संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी टेकडीवर संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्पही तेथे पाहावयास मिळते. औंधला राजा होता, हे खरे. पण नांदेड व लातूर येथे महानगरपालिका आहेत, जिल्हा परिषदा आहेत, आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात चित्रकलेच्या स्पर्धा होतात, निकाल लागतो, पारितोषिके वाटली जातात. त्यानंतर ती चित्रे कोठे जातात, हे विचारण्यासारखे आहे.

यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याची गरज नाही. माळेगावच्या यात्रेत जनावरांना जागा आहे, फडांना आहे. तेथे चित्रांचा एक तंबू पाच दिवस उभा राहू शकतो. बंदाघाटावर गाणे ऐकायला आलेल्यांना उजाडल्यावर घाटाच्या भिंतीशी चित्रे पाहता येतील. चित्रकार स्वतः चित्राजवळ उभा असावा, किंमत लिहिलेली असावी, आणि उद्घाटनाचे भाषण दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नये. जिल्हा परिषदेने दरवर्षी जिल्ह्यातील एका चित्रकाराचे एक चित्र विकत घ्यावे व ते साहेबांच्या दालनात न लावता बाहेर, जेथे शिक्षक आपल्या बदलीचा अर्ज हातात धरून बाकावर दोन-दोन तास बसलेले असतात, त्या समोरच्या भिंतीवर लावावे.