मेक्सिकन भूसेना (१८२१–४८)

स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोची स्थायी सेना. आगूस्तीन दे ईतुर्बीदे याने १८२१ मध्ये धर्म, स्वातंत्र्य व ऐक्य या तीन हमींवर उभारलेल्या सेनेतून ती घडली. १८३३ च्या पुनर्रचनेने पायदळाच्या दहा स्थायी पलटणी झाल्या; त्यांना ईदाल्गो, मोरेलोस इ. स्वातंत्र्यवीरांची नावे देण्यात आली. प्रत्येक पलटणीत आठ कंपन्या असत : सहा बंदूकधाऱ्यांच्या, एक ग्रेनेडियरांची व एक चपळ नेमबाजांची. शिवाय घोडदळ, तोफखाना, राखीव पलटणी व उत्तर सीमेवरील गढ्यांत राहणाऱ्या घोडेस्वार तुकड्या होत्या.

पायदळाचा गणवेश यूरोपीय धाटणीचा होता : गडद निळा कोट, तांबडी गळपट्टी व मनगटपट्ट्या, छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे आणि ‘शाको’ ही उंच टोपी. उन्हाळ्यात पांढरे सुती कपडे वापरीत. बंदुका बहुधा ब्रिटिशांनी विकलेल्या जुन्या ‘इंडिया पॅटर्न’च्या असत; हा नमुना मूळचा ईस्ट इंडिया कंपनीसाठी तयार झाला होता.

नियमावलीतील हा थाट प्रत्यक्षात क्वचितच उतरे. शिपायांची, विशेषतः इंडियन व मिश्रवंशीय गरिबांची, सक्तीने भरती होई. तिजोरी रिकामी असल्याने वेतन थके व अनेकांना चपला घालूनच कूच करावे लागे. पुरवठा व शुश्रूषेचा भार सोबतच्या स्त्रियांवर (सोल्दादेरा) पडे. अधिकाऱ्यांना मात्र स्वतंत्र लष्करी न्यायालयांसारखे विशेषाधिकार होते. १८४६–४८ च्या युद्धात ही सेना अमेरिकेकडून पराभूत झाली आणि ग्वादालूपे ईदाल्गोच्या तहाने मेक्सिकोने विस्तीर्ण प्रदेश गमावला. लष्करी न्यायालयांचे दिवाणी अधिकार १८५५ च्या हुआरेस कायद्याने संपुष्टात आले.