दीर्घिका उलटून पाहता येत नाही

लासलगावच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याचा लिलाव चालतो तेव्हा व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतो, फिरवतो, मान दाबून बघतो. वरून गोल दिसणारा कांदा बाजूने चपटा निघू शकतो. खगोलशास्त्रज्ञांची पंचाईत इथेच होते. दीर्घिका त्यांना एकाच बाजूने दिसते, जन्मभर.

त्याच चैत्र-वैशाखात रात्री दहाच्या सुमारास कन्या रास माथ्यावर येते. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला, अंधाऱ्या शिवारातून छोटी दुर्बीण लावली तर एम ८७ ही अजस्र दीर्घिका धुरकट ठिपक्यासारखी सापडते. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे. फोटोत ती जवळपास गोल. पण हवाईतल्या केक दुर्बिणीने तिच्यातल्या ताऱ्यांचे वेग जागोजागी मोजले आणि २०२३ मध्ये निराळंच निष्पन्न झालं : तिचे तिन्ही अक्ष वेगवेगळ्या लांबीचे आहेत, सर्वांत आखूड अक्ष तर लांब अक्षाच्या पाऊणपटही नाही.

असा आकार येतो कुठून? वायूचे ढग आपटले की ऊर्जा गमावतात आणि फिरता फिरता चपट्या तबकडीत स्थिरावतात. तारे सहसा आपटतच नाहीत. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या, की ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात त्या विस्कटतातच. टूम्रे बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर अशा भेटींची गणितं मांडली, तेव्हा ती अनेकांना अतिरंजित वाटली. आज एम ८७ सारख्या महाकाय दीर्घिका अशाच विलीनीकरणांतून वाढल्या, हे सर्वमान्य आहे.

तबकडीची गोष्ट मात्र पुण्याने अवघड करून ठेवली. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना २०२५ मध्ये ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका सापडली. केंद्र रेडिओचं, शोध जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त छायाचित्रांत! विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही दीर्घिका. व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे, ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या हजार कोटी पट, आणि दोन रेखीव बाहू. त्या काळातल्या दीर्घिका ओबडधोबड, गोंधळलेल्या असाव्यात असा अंदाज होता. इतक्या लवकर इतकी नीटस तबकडी बसली कशी? बाहू शेजारच्या एखाद्या दीर्घिकेने ओढून काढले, की शांतपणे येत राहिलेल्या वायूतून उमटले? त्यासाठी आता तिच्यातल्या वायूचे वेग मोजावे लागतील.