मुलगा म्हणून निळंच? बाळाच्या अंथरुणाचा रंग निवडण्याआधी हे वाचा

दिंडोरीच्या बाजारात जा किंवा नाशिकच्या मेन रोडवर, बाळाच्या अंथरुणाचा सेट मागितला की प्रश्न ठरलेला: "मुलगा की मुलगी?" मुलगा म्हटलं की निळी गादी, निळी मच्छरदाणी आणि त्यावर गाड्या नाहीतर विमानं. हा नियम आला कुठून?

आपल्याकडून तर नाही. आपली खूण मिठाईत होती. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी (भेदभाव तिथेही होताच). अंथरूण मात्र दोघांना सारखंच असायचं: आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी, आजोबांच्या धोतराची दुपटी. घरात जी लुगडी विरली, त्यांचे रंग गोधडीला.

निळ्या-गुलाबीची वाटणी पसरवली ती अमेरिकेतल्या दुकानांनी, आणि तीही आधी उलटी होती! १९१८ मध्ये तिथल्या कपडे व्यापाऱ्यांच्या एका मासिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना सुचवला होता. आजची वाटणी पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

बाळ जन्मायच्या आधीच रंग ठरवायचा असेल, तर मामला थेट कायद्याचा होतो. गर्भलिंगनिदानाला चाप लावणारा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला. १९९४ चा केंद्राचा कायदा तर सांगतो की गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कोणत्याही प्रकारे कळवायचं नाही. म्हणजे डॉक्टरांनी नुसतं "निळं घ्या" म्हटलं तरी तो गुन्हाच. रील्समध्ये दिसणारे निळ्या-गुलाबी फुग्यांचे 'जेंडर रिव्हील' त्यामुळे इथे करता येत नाहीत. मे २०२४ मध्ये परदेशात तपासणी करून असा व्हिडिओ टाकणाऱ्या तमिळनाडूतल्या एका नामवंत यूट्यूबरला आरोग्य विभागाची नोटीस आली होती. ही कडक भूमिका उगाच नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८९४.

मग घ्यायचा कोणता रंग? पांढरा किंवा अगदी फिका. डाग पडतात म्हणून अनेकजण तो टाळतात, पण डाग दिसणं हाच त्याचा फायदा. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगाची हवी. कपड्यावर गडद पिवळा डाग पडत असेल आणि शी पांढुरकी होत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. काविळीच्या मागे यकृताचा आजार असू शकतो. पहिल्या एक-दोन दिवसांत विटकरी डाग दिसला तर सहसा घाबरायचं कारण नसतं, पण पुढेही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय का ते तपासून घ्या. गडद निळ्या चादरीवर यातलं काहीच नीट दिसत नाही. भडक पिवळं दुपटंही नको, त्याची झाक बाळाच्या कातडीवर पडते आणि कावीळ ओळखताना फसगत होते.

सेटमधली राईची उशी आणि कडेचे लोड बाजूला ठेवा. पहिलं वर्षभर बाळाला उशीशिवाय, सपाट गादीवर, पाठीवर झोपवावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. नवं कापड आधी धुवून घ्या.

आणि बाळाला काय आवडतं? सुरुवातीला त्याला रंगांपेक्षा गडद-फिक्यातला फरक कळतो. फिक्या निळ्यापेक्षा पांढऱ्यावरची काळी किनार त्याला लवकर दिसते. काळ्याला नाक मुरडणाऱ्या घरांतही संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला काळंच झबलं निघतं, मुलगा असो वा मुलगी.