व्हाउचरशिवाय नोंद नाही

नीरा नदीकाठच्या शिरवळ गावी क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास अखेरीस प्रबंध लिहावा लागतो. जनावरांवरील प्रयोग, नमुने, आकडेमोड हे सारे जमते. परंतु संदर्भ देण्याच्या वेळी अनेकांची लेखणी अडखळते. वास्तविक व्यापारी घरात वाढलेल्या मुलामुलींना ही गोष्ट परकी वाटू नये. व्हाउचरवाचून रोजमेळात रक्कम चढत नाही, तसेच आधारावाचून प्रबंधात विधान चढू नये, एवढाच तो नियम आहे.

दुसऱ्याचा आकडा, कल्पना, आकृती वा शब्द घेतले की संदर्भ द्यावाच लागतो. शब्द जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे व पृष्ठक्रमांक हवा. आशय स्वतःच्या भाषेत मांडला, तरी ऋण फिटत नाही. मूळ लेखकाचा निर्देश करावाच लागतो. गाय रवंथ करणारा प्राणी आहे, अशा सर्वज्ञात गोष्टीला मात्र आधाराची गरज नसते.

निर्देशाच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. हार्वर्ड पद्धतीत मजकुरातच आडनाव व वर्ष येते. व्हँकूवर पद्धतीत अनुक्रमांक येतो. कोणतीही एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी. मजकुरातील प्रत्येक निर्देश शेवटच्या सूचीत असावा आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात सापडावी. रोजमेळ आणि खतावणी जुळवण्याचाच हा प्रकार होय.

सर्वांत मोठा धोका मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलण्यात असतो. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळली, असे त्यात होते. घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांविषयी त्यात काहीच नव्हते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात हिशेब मांडला गेला, तेव्हा त्या पत्राचे ६०८ निर्देश सापडले. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के लेखकांनी ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. सुमारे ८१ टक्क्यांनी ते रुग्ण रुग्णालयातील होते, हे सांगितलेच नव्हते. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने पुढे जो हाहाकार माजला, त्याला अशा आंधळ्या उताऱ्यांनी हातभार लावला. मूळ लेख मिळालाच नाही, तर ज्या ग्रंथातून माहिती घेतली त्याचेच नाव प्रामाणिकपणे द्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देशासह घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे उसने घेणे हा दोष नव्हे; ते लपवणे हा दोष होय.

म्हणून वाचन सुरू होईल त्याच दिवशी लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि डीओआय क्रमांक वहीत टिपून ठेवावा. वर्षअखेरीस आठवून लिहिलेल्या जमाखर्चाचे जे होते, तेच आठवून लिहिलेल्या संदर्भांचे होते. पेढीची पत चोख वहीवर टिकते. संशोधकाची पतही त्याहून निराळी नाही.